घरबसल्या नर्सिंग होतंय काय ओ सिस्टर?

हा प्रश्न मला सारखा येतो. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक विचारतात, इथं कोल्हापुरात केएमटी बसमध्ये शेजारी बसलेली बाई युनिफॉर्म बघून विचारते, व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. कुणाची भाची बारावी होऊन बसलीय, कुणाची सून दोन पोरांनंतर आता काहीतरी करायचं म्हणतीय, आणि सीबीएस स्टँडजवळ भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीचा फोटो पुढं करून, "बघा की ओ, एका वर्षात नर्स, घरबसल्या, शंभर टक्के नोकरी, खरं असतंय काय हे?" मी आपली नाही म्हणायची आणि कामाला लागायची. पण हल्ली माझं 'नाही' कुणी मनावर घेईना झालंय, आणि त्याला कारण आमच्या मामी.

मामींची लेक, म्हणजे माझी मामेबहीण, इंग्लंडात ब्लेंडेड लर्निंगनं, म्हणजे थोडं ऑनलाईन थोडं प्रत्यक्ष जाऊन, ॲडल्ट नर्सिंगची डिग्री करतीय. मामींनी अख्ख्या शिवाजी पेठेत सांगून ठेवलंय की आमची पोरगी घरात बसून, पोरांचं करत करत, कम्प्युटरवर बघून नर्स व्हायला लागलीय. मग झालं, गल्लीतल्या बायका मलाच झापतात, तिकडं होतंय मग हिकडं का होत नाही, तुम्हीच लोकांना शिकू देत नाही बघा. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणजे विचारलं की लिंक पाठवायची नि मोकळं व्हायचं.

तर आधी पोरगीची गोष्ट. ती इथली बीकॉम. लग्न होऊन तिकडं गेली, दोन पोरं झाली, आणि धाकटं शाळेत जायला लागल्यावर एका केअर होममध्ये केअर असिस्टंट म्हणून लागली. मामींना तेव्हा ते सांगायची लाज वाटायची, बँकेत लागायची ती म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतीया म्हणून. हिला मात्र ते काम आवडलं. तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं तू डिग्री कर म्हणून, आणि हिनं ॲडमिशन घेतली तेव्हा वय ३७. हे वय लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावर बोलायचंय.

तिकडं नर्सिंगला चार वेगवेगळ्या शाखा असतात. ॲडल्ट म्हणजे मोठी माणसं, मग लहान मुलं, मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी. कुठल्या शाखेला जायचं ते फॉर्म भरतानाच ठरवायचं. आपल्याकडं जीएनएम, म्हणजे आपला नर्सिंगचा डिप्लोमा, केला की त्यात सगळं आलं, मेडिकल, सर्जिकल, पेडियाट्रिक, सायकियाट्री, कम्युनिटी, वर बाळंतपणं पण. तिकडं मिडवाइफचा कोर्सच निराळा. मी तिला एकदा म्हणाले पण, तू अजून एक डिलिव्हरी घेतली नाहीस आणि नर्स होणार? तर म्हणते ताई, मला घ्यायलाच लागत नाही.

ब्लेंडेड डिग्री हा प्रकार इंग्लंडात २०२१ पासून चालू झाला, हेल्थ एज्युकेशन इंग्लंड म्हणून तिथली सरकारी संस्था होती तिनं पुढाकार घेतला आणि काही युनिव्हर्सिट्यांनी तो चालवला. नर्सेस कमी पडत होत्या, आणि ज्यांना घर आहे पोरं आहेत नोकरी आहे अशी मोठ्या वयाची माणसं रोज कॉलेजात येऊन बसू शकत नाहीत, त्यांना यात आणायचं हा हेतू. लेक्चर ऑनलाईन, नोट्स ऑनलाईन, काही रेकॉर्ड केलेलं आपल्या वेळेला बघायचं, काही ठरलेल्या वेळेला लाईव्ह, परीक्षेतलं पण बरंचसं तसंच. फ्लेक्सिबल फ्लेक्सिबल म्हणतात ते हे एवढंच.

आता मामी जे सांगत नाहीत ते. इंग्लंडातली नर्सिंग कौन्सिल, एनएमसी, तिचा नियम असा की नर्स म्हणून नाव लागायचं तर एकूण ४६०० तास झाले पाहिजेत, त्यातले २३०० थिअरीचे आणि २३०० प्रत्यक्ष पेशंटजवळचे. कोर्स ब्लेंडेड असो नाहीतर रोज कॉलेजला जायचा असो, या २३०० तासात सूट नाही. अलीकडं त्यातले ६०० पर्यंत तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यावर किंवा आभासी पेशंट दाखवणारा गॉगल लावून वगैरे केलेले चालतात असं झालंय, बाकीचे सगळे वॉर्डात, पेशंटच्या घरी, केअर होममध्ये, जिथं पाठवतील तिथं. बारा तासांची ड्युटी धरली तर २३०० तास म्हणजे १९० च्या वर दिवस झाले, कुठलं घरबसल्या आणि कुठलं काय.

हे मी मामींना सांगितलं, हिशेब करून सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग तालमीत गेल्याबिगर पैलवान होत न्हाई म्हण की." म्हटलं हां, आत्ता कळलं. दुसऱ्या दिवशी परत शेजारणीला फोनवर तेच सांगत होत्या, मोबाईलवर बघून शिकतीया.

पोरगीचा दिनक्रम ऐकला तर फ्लेक्सिबल या शब्दावरचा विश्वासच उडेल. थिअरीचे आठवडे असले की पोरं शाळेत गेली की लॅपटॉप उघडायचा, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी लाईव्ह सेशन आणि त्यात कॅमेरा चालू ठेवायचा, मागं धाकटं रडतंय, नवरा त्याला उचलून जिन्यावर नेतोय. रात्री सगळी झोपली की असाइनमेंट. माझी नाईट ड्युटी संपायच्या टायमाला तिचा मेसेज येतो, "झालं, सबमिट केलं, आता झोपतो." म्हणजे तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली असते. वेळ तुमच्या सोयीनं म्हणजे वेळ तुम्हाला कुणी देत नाही, झोपेतनं काढायचा, एवढाच अर्थ निघतो त्याचा. आणि प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डात जाऊन शिकायची पाळी, लागली की सगळंच उलटं. सकाळी साडेसातला वॉर्डात हजर, रात्री आठला सुटका, अंधारात जायचं आणि अंधारात यायचं, पोरांच्या शाळेचं नवऱ्यानं बघायचं. रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, ती ठरवत नाही, हॉस्पिटल ठरवतं. त्या आठवड्यात फोन लावला तर मामेबहीण हां हूं करते आणि मध्येच झोपते, खरंच झोपते, मी इकडं हॅलो हॅलो करत बसते.

तिनं विचारलेल्या शंका मला फार आवडतात कारण त्यातनं कळतं काय पडद्यावर शिकता येतं आणि काय नाही. औषधांचं गणित घ्या. तिकडं त्या गणिताच्या परीक्षेत शंभर टक्केच मार्क पाहिजेत, नव्याण्णव चालत नाहीत, आणि ते मला एकदम पटलं. ती गणितं तिनं घरी बसून हजार वेळा केली, तोंडपाठ. मी तिला विचारलं, एक लिटर सलाईन आठ तासात द्यायचंय, किती? लगेच म्हणाली १२५ एमएल पर अवर. बरोबर. म्हटलं मशीन नाही, पंप बंद पडलाय, एमएलला २० थेंबाचा सेट आहे, आता सांग. हिनं वही काढली, हजार गुणिले वीस भागिले आठ तासांची चारशे ऐंशी मिनिटं, मिनिटाला ४२ थेंब. तेही बरोबर. मग मी वॉर्डातल्या रिकाम्या स्टँडला बाटली लावून व्हिडिओ कॉलवर तिला थेंब पडतात तो चेंबर दाखवला आणि म्हटलं आता लाव बघू ४२ वर, सांग मला चाक कुठं फिरवू. घड्याळाकडं बघू की थेंबाकडं बघू अशी तिची गंमत झाली. आपल्याकडं पहिल्या वर्षाची पोरगी पण एक डोळा घड्याळावर आणि एक थेंबावर ठेवून लावते, कारण वॉर्डात प्रत्येक कॉटला पंप नसतो. हे कुणी शिकवलेलं नसतं, करून करून होतं.

दुसरं, श्वास मोजणं. ऐकायला एवढं सोपं काही नाही. तिकडं न्यूज टू नावाचा एक स्कोअर आहे, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि पेशंट शुद्धीवर आहे का, सगळ्याला मार्क द्यायचे आणि बेरीज वाढली की डॉक्टरला बोलवायचं. मिनिटाला १२ ते २० श्वास नॉर्मल. पुतळ्यावर हिनं कितीतरी वेळा मोजले, पुतळा काय, लावून दिलेला असतो, १८ म्हणजे १८. पहिल्या प्लेसमेंटला एक आजी मिळाल्या, ही घड्याळ धरून त्यांच्या छातीकडं बघायला लागली तशी आजींनी श्वासच धरला, मग हसल्या, मग बोलायला लागल्या. माणसाला कळलं की आपला श्वास मोजतायत की तो बदलतोच. त्यावर आमची जुनी युक्ती आहे, मनगट हातात धरायचं, नाडी मोजल्यासारखं करायचं, आणि नाडी झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून गुपचूप छातीवर नजर टाकायची, पूर्ण मिनिटभर. मी सांगितलं तर म्हणाली हो ताई, मला पण तिथल्या सिस्टरनं हेच दाखवलं. म्हणजे इंग्लंडातली नर्स काय नि कोल्हापूरची काय, हात धरून शिकवायचं ते तसंच शिकवतायत. मला फार बरं वाटलं ते ऐकून, का कुणास ठाऊक.

एका गोष्टीचा मात्र मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. तिकडं शिकाऊ नर्सला स्टाफमध्ये मोजायचं नाही असा नियम आहे. म्हणजे वॉर्डात दोन नर्स कमी आहेत म्हणून दोन स्टुडंट उभ्या केल्या असं कागदावर तरी करता येत नाही. शिवाय तिला रोज शिकवणारी एक सिस्टर नेमलेली असते, तिची परीक्षा घेणारी दुसरी असते, आणि कॉलेजकडनं तिसरी. एकच बाई शिकवणार आणि तीच पास करणार असं नाही. मामेबहीण म्हणते गर्दीच्या दिवशी नियम नियमाच्या जागी राहतो आणि आम्ही बेड धुत फिरतो, पण निदान बोट दाखवायला नियम आहे. आमच्या वेळी आम्ही नाईटला पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरींनी वॉर्ड सांभाळलेत, स्टाफ सिस्टर एक आणि पेशंट किती ते सांगत नाही. शिकलो भरपूर, पण ते शिक्षण होतं की फुकटचं मनुष्यबळ हा प्रश्न आपल्याकडं कुणी विचारत नाही.

ऑनलाईनच्या विरोधात मी नाही हां, तसा समज करून घेऊ नका. २०२० च्या कोविडात आम्ही सगळ्यांनी सरकारच्या दीक्षा पोर्टलवर कोर्स केलेत, पीपीई कसा घालायचा काढायचा ते मोबाईलवर बघितलंय आणि त्याचा उपयोग झालाय. पण त्याच काळात कॉलेजं बंद होती आणि नर्सिंगच्या पोरी गावाकडं, कोण राधानगरीला, कोण शाहूवाडीत, रेंज यावी म्हणून माळावर जाऊन लेक्चर ऐकत होत्या. कॅथेटर पीपीटीवर, ड्रेसिंग व्हिडिओवर. नंतर त्या वॉर्डात आल्या तेव्हा तोंडी काहीही विचारा, धडाधडा उत्तर. आणि पेशंटला उलटी झाली की हात पुढं यायचा नाही. त्यांचा काय दोष त्यात? सहा-आठ महिन्यात तयार झाल्या, आता त्यातल्या काही माझ्यापेक्षा चांगल्या शिरा शोधतात. फक्त ते सहा-आठ महिने कुठल्यातरी पेशंटच्या कॉटजवळच काढावे लागतात, त्याला दुसरा रस्ता नाही.

आणि आपल्याकडं असं मिश्र शिक्षण अजिबात नव्हतं असंही नाही. इग्नूनं कितीतरी वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दूरशिक्षणानं चालवलं, आमच्या एका सीनियर सिस्टरनी नोकरी करत तेच केलंय. पण ते आधीच जीएनएम झालेल्या, रजिस्ट्रेशन असलेल्या, वॉर्डात मुरलेल्या नर्सेससाठी, आणि त्यात पण प्रॅक्टिकलला प्रत्यक्ष जावंच लागायचं. शून्यातनं घरी बसून नर्स, असं नाही.

आता त्या भिंतीवरच्या जाहिराती. आपल्याकडं नर्स व्हायचे मुख्य रस्ते तीन, एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. तिन्ही पूर्णवेळ. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांची मान्यता त्या संस्थेला पाहिजे, तरच शेवटी रजिस्ट्रेशन मिळतं, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर तुम्ही नर्स नाही, विषय संपला. नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर असे कमी मुदतीचे कोर्स असतात, त्यातले काही खरे पण असतात, कामही मिळतं, पण ते मदतनिसाचं काम. ते शिकवून वर 'नर्स' लिहिलेलं सर्टिफिकेट हातात देणं ही शुद्ध फसवणूक. आमच्याकडं असं सर्टिफिकेट घेऊन इंटरव्ह्यूला आलेली एक पोरगी मी बघितलीय, बापानं ऊसबिलाचे पैसे भरलेले, आणि हिच्या हातात लॅमिनेट केलेला कागद. एचआरनं विचारलं रजिस्ट्रेशन नंबर काय, तर तिनं त्या कागदावरचा सीरियल नंबर वाचून दाखवला. तेव्हा फी भरायच्या आधी एकच विचारा, शेवटी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळणार का, आणि कुठल्या हॉस्पिटलात किती तास पाठवणार. समोरचा "ते आम्ही बघतो" म्हणाला की उठा.

एजंटांचा अजून एक नवीन प्रकार कानावर आलाय, यूकेची नर्सिंग डिग्री भारतातनं ऑनलाईन करा म्हणून. वर सांगितलेले २३०० तास इंग्लंडातल्या वॉर्डातले आहेत, ते कोल्हापुरातनं कसे करणार? मामेबहीण तिथं स्थायिक आहे म्हणून तिला तिथल्या लोकांच्या दरानं फी लागली, तेव्हा ती वर्षाला ९२५० पौंड होती, त्याला कर्ज मिळालं, आणि परत न करायचे वर्षाला ५००० पौंड सरकारकडनं, पोरं आहेत म्हणून अजून २००० वर. स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्याला यातलं काही नाही. आपल्या इथल्या नर्सला तिकडं जायचं असेल तर सरळ रस्ता वेगळाच आहे, इथं जीएनएम किंवा बीएस्सी, रजिस्ट्रेशन, अनुभव, मग इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी, मग कम्प्युटरवरची सीबीटी परीक्षा जी भारतात देता येते, आणि मग ऑस्की, ती मात्र तिकडंच जाऊन, हातानं करून दाखवायची.

वयाचं म्हणत होते ते. मामेबहीण ३७ व्या वर्षी चालू झाली. आपल्याकडं एएनएम, जीएनएम दोन्हीला वरची वयोमर्यादा ३५. माझ्या मते आपण भांडायचं असेल तर याच्यावर भांडावं. लेक्चर मोबाईलवर येवोत न येवोत, पण पोरं जरा मोठी झाल्यावर जिला सवड मिळते तिला आपण सांगतो बाई तुझी गाडी गेली. आणि तिकडं अजून एक सोय आहे, नर्सिंगची अप्रेंटिसशिप, हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून पगार घेत घेत डिग्री करायची. आपल्या वॉर्डातल्या मावशींना असं काही मिळालं तर काय होईल विचार करा. पेशंटची कूस कधी बदलायची, कुणाची पाठ लाल व्हायला लागलीय, कोण आज जेवला नाही, हे डॉक्टरच्या आधी आणि कधीकधी माझ्याही आधी त्यांना माहीत असतं.

आमच्या वॉर्डात एक अशी मावशी आहे, मावशी म्हणायचं आपलं, वय ३३. बारावी आर्ट्स, ४६ टक्के. तिनं पण ती जाहिरात बघितली होती, पैसे भरायच्या बेतात होती, मी थांबवलं. जीएनएमला आर्ट्स चालतं आणि बारावीला ४० टक्के लागतात, म्हणजे ती बसते. अडचण एकच, तीन वर्षं पूर्णवेळ म्हणजे तिचा पगार बंद, आणि नवऱ्याची कपिलतीर्थ मार्केटला भाजीची गाडी, त्यात घरभाडं. तिच्या नवऱ्याचं म्हणणं पोरीची दहावी होऊ दे मग बघू. मी बोटं मोजून दाखवली, पोरीची दहावी होईस्तोवर हिची पस्तिशी उलटतीय. तर म्हणाली तुम्हीच सांगा ओ त्याला, माझं ऐकत न्हाई. घेऊन ये म्हटलं, माझी सकाळपाळी आहे, दोनला सुटते, त्यानंतर कधी पण.